बोर्डावरचा वाघ

मिरजगावात हायवेला माझं कार डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या आतून-बाहेरून पॉलिश करून चकाचक करायचं दुकान आहे. समोर दुसऱ्याने तसंच दुकान टाकलं आणि माझी गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली. त्याच्याकडे भारी लोगो आहे, माझ्याकडे नाही, एवढंच कारण मला दिसलं. म्हणून मी नगरहून एक लोगोवाला बोलावला.

तो एसटीने आला. पिशवीतून कॉम्प्युटर काढलाच नाही. पालथ्या बादलीवर बसून तासभर माझं काम बघत राहिला. मधूनच उठून पॉलिश केलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवायचा, मान डोलवायचा आणि परत बादलीवर बसायचा. तेवढ्यात एका गाडीवाल्याने भाव कमी करायला सांगितला. मी ओरडलो, "हे वॉशिंग सेंटर न्हाई! नुसती धुवायची तर ओढ्यावर न्या!"

गाडी वळली आणि समोर गेली.

मी लोगोवाल्याला म्हणालो, "डरकाळी फोडणारा वाघ काढा."

तो शांतपणे म्हणाला, "मालक, वाघ दुकानात हायेच की. बोर्डावर आनखी दुसरा कशाला?"

त्या रागात मी त्याची फी निम्म्यावर आणली. तो हसत कबूल झाला. आठवड्याने लोगो पाठवला. बॉनेटवर कापड फिरवणारा एक हात, बस्स. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

परवा पाथर्डीचा एक जीपवाला नवा बोर्ड बघून थांबला. म्हणाला, "हितं आदी लई तापट मालक हुता म्हनं. गेला का?"

मी हातातलं कापड खांद्यावर टाकलं.

"कवाच गेला. या, गाडी आत घ्या."