बॉनच्या नाचातली खुर्ची

डहाणूच्या आमच्या जपानी भाषेच्या क्लासला जपानहून एक बाई येणार होत्या. तिकडच्या एका वृद्धाश्रमाच्या त्या मुख्य, म्हाताऱ्यांची सेवा करायला मुली निवडणार होत्या. झरीहून जीपने धक्के खात येऊन मी वर्षभर स्वतःची ओळख जपानीत घोटली होती. वडील अर्धांगवायूने पडले तेव्हा त्यांची कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं सगळं मीच केलं होतं. तेच सांगणार होते. मला ती नोकरी हवीच होती.

आणि क्लासचे सर म्हणाले, "बोलायला दुसऱ्या मुली आहेत. तू स्वागताच्या नाचात पुढे राहा. तुमच्या लोकांच्या रक्तातच असतो नाच."

तळपायाची आग मस्तकात गेली. वारली म्हटलं की नाच, झालं! भाषेत वर्गात पहिली मी, ते कुठे गेलं? पण नावं पुढे पाठवणार तेच, म्हणून दातओठ खात नाचाच्या तालमीला उभी राहिले.

नाच कुठला, तर बॉनचा. त्या दिवसांत पितर घरी येतात असं जपानी लोक मानतात आणि त्यांच्यासाठी मैदानात गोल धरून नाचतात. नुसतं बघत कुणी बसत नाही, ज्याला वाटेल तो गोलात शिरतो. आमच्या पुस्तकात हा धडाच होता. सरांनी मात्र गॅदरिंगसारख्या दोन रांगा लावल्या, गाऊनसारखे चकचकीत झगे भाड्याने आणले आणि सारखं हसायला बजावलं. वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पितरांच्या नाचात मी दात काढायचे, काय तर म्हणे पाहुण्यांना बरं वाटतं.

कार्यक्रमाच्या दिवशी गाणं लागलं तशा बाई उठून आमच्याकडे निघाल्या. सर खुर्ची घेऊन धावले, "सिट, सिट, मॅडम" करत त्यांना बसवूनच सोडलं. मग मात्र मला राहवलं नाही. रांग सोडून मी त्यांच्यापुढे गेले आणि जपानीत म्हणाले, "या ना आत. माझ्या वडिलांचा हा पहिलाच बॉन आहे."

बाई आल्या. मुलींनी आपोआप गोल धरला. वडिलांना काय झालं होतं, कोण बघायचं, असं बाई नाचता नाचता विचारत गेल्या आणि घोटलेलं, न घोटलेलं सगळं मी सांगितलं. पाय पार चुकत होते. बाईंनी त्याच दिवशी नोकरीसाठी माझं नाव निवडलं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात सगळ्यांना सांगत होते, बघा, हिच्या नाचाने कशी कमाल केली. माझा संताप संताप झाला.

"सर, मी त्यांच्याशी काय बोलले ते तरी विचारलंत का?"

सर हसले. "अगं, कौतुकच करतोय ना तुझं! ते राहू दे. जायच्या आधी नव्या मुलींना नाच शिकवून जा."