चारांत एक राखाडी

माणसांची नावं विसरून मांजरांच्या आज्या लक्षात ठेवणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो जूचंद्रला राहणाऱ्या माझ्या आत्याचा नवरा होता. माझ्या लग्नात आतोबांनी माझ्या सासऱ्यांना तीनदा "आपन कोन?" असं विचारलं, मांडवातल्या काळ्या-तांबड्या काबऱ्या मांजरीच्या आईबापांत एकाच्या तरी अंगावर तांबडा रंग होता, हे मात्र एका नजरेत सांगून टाकलं. विरारला आमच्याकडे पूजेला आले ते प्रसाद हातात घेऊन तासभर वॉचमनच्या कुत्रीपाशी बसले, तिच्या पिल्लांचा बाप सोसायटीतला कोणता ते ठरवत.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो म्हणून ते मला मास्तर म्हणत, आणि मला ते खरं वाटे. आत्याची राखाडी मांजर म्हातारी होऊन गेली. आत्या भरल्या ताटावरून उठू लागली, तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला, तिच्याच वंशातलं राखाडी पिल्लू देईन. घरात त्या मांजरीची काळी लेक होती आणि एक काळा बोका. मी ओटीवर खडूने चौकोन आखून समजावलं: राखाडी रंग काळ्याखाली दबतो, आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. लेकीत तो आईकडून आलेला आहेच. बोक्यातही लपलेला असेल तर चारांत एक पिल्लू राखाडी.

मांजर व्याली. चार पिल्लं, चारही काळी. आतोबांचा फोन आला. "मास्तर, माजा राखाडी कुठं ऱ्हायला?" चारांत एक ही सरासरी, हमी नव्हे, हे दरवर्षी मुलांना बजावणारा मी अब्रू वाचवायला म्हणालो, बोका शुद्ध काळा आहे, बदला. त्यांनी विश्वासाने तो चिंचोटीला पुतण्याकडे देऊन टाकला.

काही महिन्यांनी, मी जूचंद्रला गेलो असताना, तोच बोका मांडीवर घेऊन ते रिक्षातून परतले. पुतण्याच्या राखाडी मांजरीला त्याच्यापासून दोन राखाडी पिल्लं झाली होती. म्हणजे रंग त्याच्यात होताच. ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली. "काल्या बायकोपुढं लपवला, राखाडीपुढं नाय जमला त्याला," एवढंच म्हणाले आणि आत्याला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

पुढची पिल्लं व्हायच्या आत आतोबा गेले.

मांजर व्याल्यावर आत्याने बोलावलं. मोतीबिंदूमुळे तिला रंग नीट कळत नाहीत. माजघरातल्या टोपलीत पाच पिल्लं होती. "बघ रं, हाय का एक?" न बघताच "आहे" म्हणणार होतो, ते गिळलं. त्यातल्या त्यात फिकट वाटलेलं पिल्लू ओंजळीत घेऊन दारात उन्हाला गेलो, उलटसुलट करून पाहिलं, केस मुळापर्यंत राखाडीच होते, आणि मगच "आहे, आत्या" म्हणालो.

तिने ते पदरात घेतलं. बराच वेळ त्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली.

"त्यांना उन्हात न्यावं नसतं लागलं," ती म्हणाली.