अकरा की एकोणीस

वाचनालयात माझी दोन कामं होती. पहिलं, सकाळी केर काढून ताजी वर्तमानपत्रं उतरत्या मेजांवर लावायची आणि आदल्या दिवशीची काढून भाऊंच्या खुर्चीमागच्या गठ्ठ्यावर ठेवायची. भाऊ म्हणजे आमचे ग्रंथपाल. गठ्ठा भिंतीला टेकलेला आणि खुर्ची गठ्ठ्याला, त्यामुळे खालचं एखादं पत्र हवं असेल तर भाऊंना उठायला सांगावं लागे. तसं कुणी सांगत नसे.

दुसरं काम राखणीचं. नोकरीच्या जाहिराती शोधायला मुलं यायची आणि कुणी बघत नाही असं वाटलं की अर्ध्या ब्लेडनं जाहिरात कापून खिशात घालायची. मागून येणाऱ्याला पानात नुसती चौकोनी खिडकी दिसायची. भाऊ फार चिडत. पण मला कुणाला बोलायचा धीर व्हायचा नाही. एखाद्याचा हात खिशाकडे गेला की मी त्याच्या पायाशी झाडू फिरवायला लागायचे. तो ओशाळून उठायचा. अशी मी कितीतरी पत्रं राखली. पकडलेली ब्लेडं भाऊ खणातल्या एका डबीत टाकायचे.

माझं शिक्षण चौथी. धाकटी बहीण झाली, आई कामाला जाऊ लागली, तेव्हा तिला सांभाळायला मी शाळा सोडली. पाटी होती ती तशीच राहिली. गुरुजी म्हणायचे, तुझा एक आणि नऊ सख्खे भाऊ आहेत, घरात शिरले की कोणता कोण ते कळत नाही. वर्ग हसायचा, मीही हसायचे. धाकटी मात्र शिकली. आमच्या घरात जुनी अकरावी पास झालेली ती पहिलीच. निकालाच्या दिवशी मला वाटलं, अर्धा निकाल माझाच लागला.

तिला नर्स व्हायचं होतं. आईच्या शेवटच्या आजारात आम्ही दोघी दवाखान्यात आळीपाळीनं बसायचो. एकदा मोठे डॉक्टर आले, सगळे उठून उभे राहिले, आणि तिथली नर्स म्हणाली, "थांबा, आधी मला ताप बघू द्या." डॉक्टर थांबले. धाकटीनं ते मला पुढं किती वेळा ऐकवलं असेल. "ताई, बाईमाणूस थांबा म्हणाली आणि तो थांबला गं."

वाचनालयाच्या वाचनखोलीत सगळे पुरुष. बायका दुपारी खिडकीशी कादंबरी बदलून जायच्या, आत येत नसत. धाकटीही यायला तयार नव्हती. "तू आहेस ना तिथं," म्हणायची. "मुलींसाठी काय काय निघतं ते बघ."

मग मी बघू लागले. एका कपाटात व्यवसाय मार्गदर्शनाची पुस्तकं होती, खाकी कव्हर घातलेली. पानापानावर एकेक नोकरी, पात्रता, वय, शिकायला किती वर्षं. माझं वाचन सावकाश. दुपारी खोली रिकामी असली की मी एक पान वाचायचे, दुसऱ्या दिवशी दुसरं. रविवारी धाकटी दादांकडून, म्हणजे वडिलांकडून, माझ्या घरी यायची. मग मी तिला आठवडाभराच्या नोकऱ्या सांगायचे आणि ती एकेक अंगाला लावून बघितल्यासारखं करायची.

"टेलिफोनवर बसणारी," मी म्हणायचे.

"दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं? ते तर चाळीत फुकट ऐकू येतं."

"जहाजावर वायरलेस."

"जहाज कुठं, गोदावरीत घालू?"

हे, म्हणजे माझे मालक, सातपूरच्या कारखान्यातून पाळी करून आलेले असायचे. भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या म्हणायचे, "दोघी बहिणी मिळून मला तरी झोपायची नोकरी शोधा." त्या रविवारांइतकं हसणं पुढं आमच्याकडे झालं नाही.

दादांनी स्पष्ट सांगितलं होतं. दिंडोरीकडचं स्थळ आलं होतं, माणसं चांगली होती, थोडी द्राक्षंही लावली होती त्यांनी. "शिकायला जागा मिळाली तर मी पोरीला अडवणार नाही. नाही मिळाली तर त्यांना किती दिवस थांबवू?" दादा बोललेलं मोडणारे नव्हते, हेही नाही आणि तेही नाही.

आणि एका सकाळी, पत्र मेजावर लावताना ती जाहिरात दिसली. मॅट्रिक झालेल्या मुलींसाठी परिचारिका प्रशिक्षण. विद्यावेतन मिळेल. राहण्याची सोय आहे. अर्ज दाखल्यांसह समक्ष आणून द्यावेत. मी ती तीनदा वाचली. भाऊ यायचे होते, खोलीत मी एकटी. खणातली ब्लेडची डबी माझ्या डोळ्यांसमोर आली. पण मीच राखण करणारी. मी एक वाया गेलेलं कार्ड घेतलं आणि पेन्सिलीनं उतरवायला बसले.

अक्षर जुळवत जुळवत शेवटच्या ओळीला आले, अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख. तेवढ्यात बाहेर भाऊंची सायकल स्टँडवर चढल्याचा आवाज झाला. मी चोरी करत नव्हते. तरी हात दचकला. तारीख कशीबशी लिहून मी कार्ड कंबरेला खोचलं.

रविवारी धाकटी आली. चुलीपाशी बसून तिनं कार्ड वाचलं, आणि वाचता वाचता उठून उभीच राहिली. मग खालची ओळ उजेडाकडे धरली.

"ही तारीख काय गं? एकोणीस ना?"

"एकोणीसच असेल."

"असेल काय ताई? उद्या एकदा बघून ये."

सोमवारी ते पत्र गठ्ठ्यात चार दिवस खाली गेलेलं. भाऊ खुर्चीत बसून रजिस्टर लिहीत होते. मी झाडू घेऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले. भाऊ, जरा उठता का, जुनं पत्र बघायचंय. एवढंच वाक्य. सकाळपासून मनात घोकलेलं.

त्यांनी मान वर केली. "काय हवंय बाई?"

"काही नाही. खुर्चीखाली केर राहिलाय."

"असं होय," म्हणाले, आणि बसल्या जागी दोन्ही पाय वर घेतले. मी वाकून केर काढला. त्या पत्राची कड माझ्या कपाळापासून हातभर लांब होती. मी केर काढून बाहेर आले.

घरी धाकटी वाट बघत होती. कागदपत्रं जमवायला ती माझ्याकडेच राहिली होती. "बघितलंस?"

"बघून आले. एकोणीसच आहे."

का असं म्हणाले, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. खोटं बोलायचं मनात नव्हतं. तिला वाटलं एकोणीस, मलाही वाटलं एकोणीस, मग एकोणीसच असणार, असं काहीतरी असेल.

शाळेचा दाखला, वर्तणुकीचा दाखला, फोटो. तिनं सगळं पायी फिरून मिळवलं. नऊ तारखेला शेवटचा कागद हातात आला. ती दुसऱ्या दिवशीच जाऊ म्हणत होती. मीच म्हणाले, "एवढी कसली घाई? चौदाला ह्यांना सुट्टी आहे, तिघं मिळून जाऊ. आपण दोघी बायका कचेरीत कुणाला विचारणार?" तिनं ऐकलं. ती माझं ऐकायचीच.

चौदाला गेलो. तिनं मोरपंखी साडी नेसली होती, माझीच. टेबलामागच्या कारकुनानं अर्ज उलटून बघितला आणि परत दिला. "मुदत अकराला संपली, बाई."

धाकटीनं शांतपणे कार्ड पुढं केलं. "इथं एकोणीस आहे."

त्यानं चष्मा वर केला. "हे अकराच आहे की. दुसऱ्या एकाला शेपूट फुटलंय." पलीकडच्या टेबलावरचे एक जण हसले. कारकून हसला नाही. म्हणाला, "पुढच्या वर्षी लक्ष ठेवा."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "छापणाऱ्यांनी घोळ घातला असेल. पेपरात एक, ह्यांच्याकडे एक." धाकटीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस पुन्हा वरून वाचायला लागतो, तसं. मग तिनं कार्ड पदराच्या टोकात बांधलं आणि आम्ही बसच्या थांब्याकडे चालू लागलो.

पुढच्या वर्षी ती दिंडोरीकडे सासरी होती.

दिवाळीच्या साफसफाईत जुने गठ्ठे बांधायला निघाले, तेव्हा भाऊ रजेवर होते. मी ते पत्र शोधलं. छापलेली तारीख ठळक होती, अकरा, दोन एक शेजारी शेजारी सरळ उभे. खण उघडला, डबीतलं एक ब्लेड घेतलं, आणि मी माझ्या हातानं ती जाहिरात कापली. जन्मात एवढंच एक कापलं. ज्या दिवशी कापायला हवं होतं त्या दिवशी मी राखण करत बसले होते.

भाऊ आल्यावर त्यांना भोक दिसलं. "माझ्या खुर्चीमागून कापून नेतात, म्हणजे कमाल झाली." मी खाली बघून पायपुसणं झटकत राहिले.

त्यानंतर ती तारीख मला सोडेना. बसच्या पाटीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रेशनच्या कार्डावर, कुठंही दोन एक शेजारी आले की दुसऱ्याला शेपूट आहे का ते मी आधी बघते. सकाळी रिकाम्या खोलीत पत्रं लावताना मेजापाशी कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, मोरपंखी साडीतलं. मी मागं वळून बघत नसे. बाहेर सायकल स्टँडवर चढली की अजून माझा हात दचकतो, आणि भाऊ निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली.

हळूहळू वाचनखोलीत मुली यायला लागल्या. दोघी-दोघी यायच्या, वहीत जाहिराती उतरवायच्या. मी जवळ जाऊन काही न बोलता तारखेवर बोट ठेवायचे. एक जण हसून म्हणाली, "मावशी, आम्हाला वाचता येतं." मी म्हणाले, "येतं गं. तरी एकदा मोठ्यानं वाच." मला खुळी समजत असतील.

धाकटी वर्षातून दोनदा यायची. द्राक्षांची पाटी घेऊन, मुलं घेऊन. जड कामानं आवाज मोठा झालेला, बोलणं तिकडचं झालेलं. बागेवर फवारायच्या मोरचुदानं तिची नखं कडेनं निळी असायची. माझ्या मोरीत ती हात धुवायची आणि मी तांब्या ओतायचे. निळं जात नसे. "ऱ्हाऊ दे," म्हणायची, "उद्या परत तेच हाय." तारखेचं तिनं कधी काढलं नाही. मीही नाही. मला वाटायचं, विसरली. मग वाटायचं, विसरणारी नाही.

गेल्या वर्षी तिची थोरली दहावी झाली. तिलाही काहीतरी शिकायचं होतं, काय ते ठरत नव्हतं. धाकटी तिला घेऊन आली. संध्याकाळी मटार सोलत मुलीला म्हणाली, "मावशी कपाटातली पुस्तकं काढून दील. काय निघालंय, कुठं निघालंय, समदं सांगंल." मग एक शेंग फोडून पुढं म्हणाली, "तारीख तेवढी तू सोता वाच."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दाणे पातेल्यात पडत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघी वाचनालयात आल्या. इतक्या वर्षांत धाकटी पहिल्यांदाच आत आली. पोरगी मेजापाशी गेली, मी सवयीनं बोट ठेवलं, तिनं तारीख मोठ्यानं वाचली आणि वहीत अंकात आणि अक्षरात अशी दोन्हीकडे लिहिली. धाकटी मात्र ग्रंथपालांच्या खुर्चीकडे बघत होती. खुर्ची रिकामी होती, नवे साहेब यायचे होते. खुर्चीमागं गठ्ठा.

"जुनी पत्रं हितंच ठेवायचीस तू?"

"हो."

ती खुर्चीजवळ गेली. मग अगदी हळू, वाचनखोलीत बोलतात तसं, म्हणाली, "ताई, त्या वेळी तू परत बघितलं होतंस?"

मी म्हणाले, "नाही."

तिनं मान हलवली. पदरानं खुर्चीची पाठ पुसली, जणू धूळ दिसली म्हणून. मग मुलीला हाक मारली, "चल, गाडी जाईल."

दोघींना बसमध्ये बसवून आले. तिनं खिडकीतून हात केला, नेहमीसारखाच. का बघितलं नाही, ते तिनं विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढच्या द्राक्षांच्या फेरीतही नाही. कापलेली जाहिरात माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. विचारलं तर ती काढून तिच्यापुढं ठेवायची, असं मी ठरवलंय. पण त्यानंतर काय सांगू? एक माणूस खुर्चीत बसला होता, त्यानं पाय वर घेतले, आणि मी केर काढला.