आवाजाची बोट

आमच्या घरात किस्से साठवावे लागत नाहीत. आम्ही सगळे इतक्या मोठ्याने बोलतो की चारकोपच्या आमच्या बिल्डिंगला ते पाठच असतात. आईने कानात सांगितलेलं गुपित खाली वॉचमनला कळतं!

याला कारण बाबांची बोट. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी फायबरची बोट घेतली आणि तिला डिझेलचं इंजिन बसवलं. दर रविवारी गोराईच्या खाडीत आमची सहल. इंजिन असं धडधडायचं की शेजारी बसलेल्यालाही ओरडूनच सांगावं लागे. भांडणंसुद्धा खाडीतच व्हायची. घरी परतेपर्यंत सगळ्यांचे घसे बसलेले, मग अबोला आपोआपच!

*

गेल्या वर्षी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. बरे झाल्यावर पहिल्याच रविवारी ते बोटीत पुढे बसून काहीतरी सांगत होते. आम्हाला फक्त ओठ हलताना दिसले. दादाने ओरडून विचारलं, "काय?" तेवढ्यात बोट चिखलात रुतली. ते तेच सांगत होते.

त्यानंतर बाबा बोटीवर आले नाहीत. रविवारी हातानेच "तुम्ही जा" म्हणायचे. मला ते बघवत नसे.

*

शेवटी दादा म्हणाला, "इंजिनच काढतो. इलेक्ट्रिक मोटर टाकू." इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा वर्कशॉपचा गाळा आहे, बोट तिथे आणली. बाजूचा गाळेवाला रोज डोकावायचा. "काय रे, आता हॉर्न पण लावणार का?"

"हॉर्न कशाला? आई आहे ना!"

काढलेलं इंजिन बाबांनी फडक्याने पुसलं आणि बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून बसले. तेव्हा कोणी विनोद केला नाही.

*

आई मात्र अडून बसली. "पाण्यात लाईट? माका नाय शॉक खावचो!" दादाने तासभर समजावलं. ट्रायलच्या दिवशी ती रबरी चपला घालून जेटीवर आली. पिशवीत बाबांसाठीही एक जोड होता. बाबांनी मुकाट्याने तो पायात घातला. तोवर ते येतील की नाही, याच काळजीत मी होते.

*

दादाने स्विच दाबला. काहीच आवाज नाही. "वाट लागली! चालूच होत नाय!" तो ओरडला. मी मागे पाहिलं, तर जेटी लांब गेली होती.

मग आम्ही सवयीने सुरू झालो. आईने शेजारच्या सुनेची अख्खी कहाणी सांगितली. पलीकडच्या होडीतल्या बाईने जाळं टाकता टाकता विचारलं, "मग पुढे काय झालं?" दादा बाबांच्या कानाशी ओरडला, "बाबा! कशी वाटते बोट?"

बाबांनी हात वर केला. आम्ही गप्प झालो. पाणी बोटीला लागल्याचा तेवढा आवाज होता.

"आराडतास कित्याक?" बाबा कुजबुजले. "आवाज माझो गेलो हा. कान नाय गेले."

आईला नीट ऐकू आलं होतं. तरी ती म्हणाली, "परत बोला बघू."