ढगासमोर होडी

मुलुंडच्या आमच्या वाचनगटात आम्ही निवृत्त मंडळी जुन्या चिनी निसर्गकविता इंग्रजीतून मराठीत आणत होतो. एकदा माझ्या मित्राने वाचलं, ‘उंच कड्यावर ढग थांबला, खोल डोहात होडी हलली.’ उंचासमोर खोल, ढगासमोर होडी. ज्याला सोसायटीची नोटीस धड लिहिता येत नाही, त्याला हे सुचेल? मला संशय आला. वाचनालयात शोधलं, तर एका जुन्या मराठी अनुवादात जवळपास त्याच ओळी निघाल्या.

पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, “कुठून ढापलंस रे?”

“यार, मूळ कवितेतच तसं आहे ना!” तो म्हणाला. सगळे हसले. तो पुन्हा आला नाही.

नंतर मी स्वतः त्यातलीच दुसरी एक कविता मराठीत आणायला घेतली. पहिल्या ओळीतल्या प्रत्येक शब्दासमोर दुसरीत त्याचा जोडीदार ठेवायचा, ही त्या कवितांची रीतच. मग ताडून पाहिलं, तर माझ्या ओळीही त्या जुन्या अनुवादातल्यासारख्याच उतरल्या होत्या. मी गप्प बसलो, वर्षानुवर्षं.

परवा त्याच्याकडे गेलो. दार अर्धंच उघडून त्याने विचारलं, “आता काय शोधून काढलंस?”

“तू चोरी केली नव्हतीस.”

“ते मला माहीत आहे. गटाला सांग.”

म्हणून हे लिहिलं. रविवारी गटात मीच वाचणार आहे.