चोरेल शे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्यासारख्यानं असं म्हणावं — हसू येईल तुम्हाला. येऊ द्या. जळगावच्या एमआयडीसीत एका उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेली तूर जागच्या जागी शिजली आणि कामगारांनी वरून नुसती लसणाची फोडणी दिली — हे तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलंय. असोद्याच्या केळीचा घड उतरवायला क्रेन मागवली, तेही माझंच. पण ही गोष्ट... म्हणजे सांगितली, शंभरदा सांगितली — फक्त ती अशी नव्हती.

डाळमिलच्या चोराची गोष्ट आठवते? धुळ्याच्या वस्तादाच्या घरात कौलं काढून उतरणारा, धोतरात लोखंडी रोल गुंडाळून अमळनेरपर्यंत पळणारा, मागे कुत्री, पुढे पोलीस? तुम्ही डोळे पुसत हसला होतात. तो चोर म्हणजे दगडूनाना. त्याला चोर कुणी केलं, ते सांगतो.

नाना अमळनेरकडचा. डाळमिलची यंत्रं दुरुस्त करायचा. गरीब बिचारा वगैरे समजू नका — भांडखोर, मोठ्या तोंडाचा, माझ्या तोडीचा फेकू. फरक एवढाच, की त्याच्या फेकण्यामागे यंत्र उभं असायचं. तुरीला तेलपाणी लावून दिवसचे दिवस गच्चीवर वाळवल्याशिवाय साल सुटत नाही; घाई केली की डाळ फुटते, नुसती चुरी. नानानं वाफेचं एक पिंप आणि साल सोलणारे दोन रोल यांची अशी काही जोडी जमवली होती, की सकाळची तूर संध्याकाळी डाळ! रोज नाही हं. कधी डाळ, कधी लगदा. रोज डाळ व्हावी म्हणून अजून प्रयोग हवे होते, आणि प्रयोगाला लागतो पैसा.

तेव्हा सरकारची एक नवी योजना निघाली होती. लहान कारखानदारानं स्वतःच्या डोक्यानं काही नवं काढलं, तर पुढच्या प्रयोगांचा खर्च सरकार उचलणार. मी त्या काळात लोकांना प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून द्यायचो — थापा मारायचे पैसे मिळतात असा धंदा दुसरा कुठला? नानाला मीच बोलावलं. म्हटलं, "नाना, सरकारला संशोधन हवंय."

"संशोधन म्हंजे काय रे भो?"

"तुम्ही करता ते."

"मी तं खटपट करस!"

सगळं मी लिहून दिलं. मनापासून दिलं, हे खरं आहे. मग एक दिवस टपरीवर मी सांगत होतो, की मुंबईचे साहेब मला विचारल्याशिवाय पेन उघडत नाहीत — आणि नाना मागून गरजला, "तुन्ही जीभ मन्हा रोलले लाव रे भो, बठ्ठी डाळ बिगर तेलनी सोलाई जाई!" तेल माझ्या जिभेलाच लागलेलं, म्हणे! टपरी कोसळायची बाकी राहिली. चहावाला हसला. ज्यांचे रिपोर्ट मी लिहिले होते ते हसले. मीसुद्धा हसलो — सगळ्यात मोठ्यानं.

एवढंच. कारण म्हणाल तर एवढंच. मोठं काही असतं तर सांगायला बरं वाटलं असतं, नाही?

योजनेची समिती यंत्र बघायला आली. मोठ्या साहेबांना आपल्याकडची बोली कळेना, आणि नाना रंगात आला की त्याची मराठी सुटून अहिराणी सुरू व्हायची. म्हणून मध्ये मी. त्या दिवशी यंत्रानं लाज राखली. अशी डाळ पडली — पिवळीधमक, अख्खी. साहेबांनी ओंजळभर उचलली, बोटांनी चोळून पाहिली, खूश झाले. म्हणाले, "ही कल्पना कुठून आली?"

नानानं छाती ठोकली. "चोरेल शे, साहेब! वस्तादना हातनं चोरेल शे!"

आता तुम्ही शहाणे आहात, तरी सांगतो. आपल्याकडे वस्ताद शिकवत नसतो. रोलवर कुरुंद — साल घासून काढणारा खरखरीत दगड — बसवताना तो पाठ फिरवून बसतो. शागिर्दानं झाडू मारता मारता, चहा देता देता, नजरेनं उचलायचं. त्याला म्हणतात चोरणं. साधलं की वस्तादच मिशीत हसून गावभर सांगतो — हाऊ मन्हा चोर शे! यापरतं मोठं सर्टिफिकेट नाही. नाना त्या वस्तादाचं नाव राखत होता. आणि वस्तादाकडून आलं होतं ते फक्त कुरुंद बसवायचं कसब. वाफ, पिंप, दोन रोलांची चाल — सगळं नानाचं. हे मला कळत नव्हतं? मीच तर ते लिहून दिलं होतं!

साहेब माझ्याकडे वळले. "काय म्हणतात?"

"चोरलंय म्हणतात, साहेब."

शब्दाला शब्द. जन्मभराचा थापाड्या मी, त्या दिवशी एक अक्षर वाढवलं नाही.

साहेब गोंधळले. हसून विचारलं, "म्हणजे?" इथे — इथे अजून सगळं हातात होतं. एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी मी नानाकडे वळलो आणि आपण होऊन विचारलं, "वस्तादले इचारं व्हतं का, नाना?"

नाना खो खो हसला. "इचारीसन कोनी चोरस का?"

हे वाक्य मी साहेबांना दिलं. तेही जसंच्या तसं. त्यांनी ओंजळीतली डाळ पाटीत परत टाकली आणि हात झटकले. नाना अजून हसत होता. त्याला वाटलं, साहेबांना विनोद कळला.

मंजुरी आली नाही, हे तुम्ही ओळखलंच. पण तेवढ्यावर मी थांबलो का? चोराच्या गोष्टीत कौलं मी घातली. धोतर मी घातलं. कुत्रीसुद्धा माझीच. प्रत्येक टपरीवर चोर आणखी लांब पळायला लागला. मग मिलवाले नानाला दुरुस्तीला आत घेईनात — आमचं यंत्र बघून जाईल आणि दुसऱ्याला करून देईल! ज्याची भाकरी दुसऱ्याच्या यंत्रात डोकं घालण्यावर, त्याला दार बंद. दोन्ही रोल भंगारात गेले. उतारवयात नाना सुरतेला निघाला, कुणाच्या तरी लूमवर तेलपाणी करायला.

एसटी स्टँडवर मी पोचवायला गेलो. हो, गेलो. पिशवीसुद्धा उचलली. नानानं विचारलं, "तू साहेबले समजाडं व्हतं ना, भो?"

"समजाडं ना, नाना. मुंबईवाल्यांना काय कळतं!"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मन्हाकडथीन बोलनारा तूच एकला."

तो गाडीत चढला. गाडी सुटायला वेळ होता. फलाटाशेजारच्या टपरीवर ओळखीची दोन-चार माणसं उभी होती, त्यातल्या एकानं डोळा मारून विचारलं, "कोण रे तो?" आणि मी सुरू झालो. कौलं, धोतर, कुत्री. त्या दिवशी तर मी रोलसुद्धा तापलेला घेतला — चोराचं धोतर पेटवलं! माणसं कमरेत वाकून हसली. मीही.

आम्ही हसतोय हे नानानं खिडकीतून पाहिलं. ऐकू काही गेलं नसावं, इंजिन सुरू झालं होतं. पण इतकी माणसं हसतायत म्हटल्यावर तोही हसायला लागला, आणि गाडी वळेपर्यंत मला हात हलवत राहिला.