राजदीपने मिटवलेलं मंडईचं भांडण

आमचा राजदीप परराष्ट्र खात्यात लागला, पण तो तिथे नेमकं काय करतो हे सिंदेवाहीपर्यंत कुणालाच कळेना. मी आपला सांगून मोकळा व्हायचो, की दोन देश भांडले की हा मध्ये बसतो आणि दोघांनाही गोड बोलतो.

त्याची आई गिरजाबाई हिला या मोठेपणाचं काडीचं कौतुक नव्हतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, घरोघर मटण शिजतं, नाटक होतं. नोकरी लागल्यापासून पोरगा एकाही मंडईला घरी नव्हता. दुसऱ्यांच्या पोरांना वाढताना तिचा जीव तुटायचा. यंदा मात्र तो खास मंडईसाठी रजा काढून आला. मंगळवारी मंडई, गुरुवारी परतीचं विमान. तिने दोन कोंबडे कधीचे राखून ठेवले होते.

तेवढ्यात शेजारच्या गावानेही मंगळवारच धरला. आता जावयांनी जेवायचं कुठे? दोन्ही गावं हट्टाला पेटली. आमच्या मंडई समितीचे सोमाजीभाऊ म्हणाले, देशादेशांची भांडणं मिटवणारा घरात असताना पोलीस ठाणं कशाला?

राजदीप समाजमंदिरात बसला. दोन्ही बाजूंचं त्याने इतक्या आदराने ऐकलं, की आपणच जिंकलो असं दोघांनाही वाटलं. पण एकाला मागे सरकणं भागच होतं. आपल्याच गावाची बाजू घेतली तर मध्यस्थी कसली, म्हणून त्याने आमची मंडई शुक्रवारवर ढकलली. बदल्यात शेजारगावाने आमच्या नाटकाला झाडून यायचं कबूल केलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या, गाढवासारख्या.

घरी गिरजाबाई मिरच्या निवडत होती. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

"दोन्ही गावाचं आयकून घेतलं तुनं, बापू. मले काऊन नाई इचारलं?"

देशोदेशी तोंड चालवणारा आमचा साहेब खाली बसून तिच्यासोबत मिरच्या निवडू लागला. गुरुवारी तो गेला.

शुक्रवारी मंडई दणक्यात झाली. शेजारगावाने मध्यस्थाच्या सत्कारासाठी शाल-नारळ आणलं होतं. मध्यस्थ नव्हता, म्हणून ती शाल गिरजाबाईच्याच खांद्यावर घातली आणि दोन्ही गावांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.